कप्तानाला हात द्यायचा नाही

सत्काराच्या दिवशी माझी आत्या स्टेजच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत पडली.

ही घटना घडलेली नाही. घरी येताना गाडीत आत्याने तसं जाहीर केलं, आणि आमच्या घरात तिने जाहीर केलेलं अंतिम असतं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, तर स्वतःचं मत काय आहे हेही तिलाच विचारावं लागतं. तेव्हा जे घडलं नाही, ते कसकसं घडलं नाही, एवढंच सांगतो.

आत्या राज्याच्या महिला बास्केटबॉल संघाची कप्तान होती. खेळ सुटून जमाना झाला, हुद्दा काही सुटला नाही. बँकेतली बाई तिला कप्तान म्हणते, दूधवाला म्हणतो, आणि काका तर लग्न ठरायच्या आधीपासून म्हणतात.

संघात तिचा एक नियम होता. कोर्टवर कुणी पडलं की बाकीच्या चौघींनी असतील तिथून धावत यायचं आणि तिला उचलायचं. पडलेलीने एकटीने उठायचं नाही. मग सामना हातचा जात असो, की पंच शिट्ट्या फुंकून निळा पडो. आपण उठायला एकट्या नाही हे डोक्यात बसलं की पोरी पडायला घाबरत नाहीत, आणि पडायला न घाबरणाऱ्या पोरींना हरवणं अवघड, असा तिचा हिशोब. बरोबर निघाला.

या वळणाच्या बायका आता शहरभर पसरल्या आहेत. मागे मी दवाखान्याच्या ओल्या फरशीवर घसरलो, तर दातांची डॉक्टर, तिची नर्स, रांगेतली एक शिक्षिका आणि शेजारच्या औषधांच्या दुकानाची मालकीण अशा चौघी माझ्यावर तुटून पडल्या. मला उभं करून, पँट झटकून, आपापल्या कामाला लागल्या. आत खुर्चीतला पेशंट तोवर आ वासून तसाच बसला होता.

नियमाला अपवाद एकच. कप्तान पडली तर तिला हात द्यायचा नाही. "मी पडले तर माझ्याकडे बघायचं नाही, बॉलकडे बघायचं," असं ती सांगायची. अंतिम सामन्यात तिचा घोटा मुरगळला, तेव्हा ती खालूनच सूचना देत देत उठली होती. तो सामना त्या जिंकल्या.

यंदा तिचा गुडघा बदलला. त्यानंतर क्रीडा संकुलाचे सचिव सत्काराचं बोलायला घरी आले.

"ताई, पायऱ्यांची काळजी नको. खाली चाकांची खुर्ची ठेवतो. पोरं तुम्हाला अलगद उचलून वर आणतील."

"उचलून?" आत्याने विचारलं. इतक्या शांतपणे, की काका चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

"म्हणजे... आदराने."

"मी माझ्या पायांनी चढेन. नाहीतर सत्कार त्या खुर्चीचाच करा. शाल तिला शोभेल."

दुसऱ्या दिवसापासून सराव. लिफ्ट चालू असताना जिना वापरणारे इमारतीत आम्ही दोघंच. मी पुढे उलटा चढायचो, ती मागून. मी दमायचो.

"आत्या, दिला एखाद्याने हात तर काय बिघडतं?"

ती कठड्याला टेकली. "माझ्या सगळ्या पोरी येणार आहेत रे. त्यांनी मला कधी कुणाच्या हातांवर बघितलेलं नाही. जाता जाता हेच दाखवू त्यांना?"

मी पुन्हा उलटा चढायला लागलो.

सत्काराला पुढच्या रांगा तिच्या पोरींनीच भरल्या होत्या. पोरी म्हणजे साठीच्या बायका. नाव पुकारलं. आत्या उठली आणि मला म्हणाली, "तू इथेच बस. आणि तोंड असं करू नकोस, कुणी गेल्यासारखं."

पहिली पायरी झाली. दुसरी झाली. तिसरीवर गालिच्याला चुणी पडली होती. आत्या तिथे, आपण घरची भाषा वापरू, बसली.

पुढच्या रांगा एकदम अर्ध्या उठल्या आणि तिथेच थिजल्या. गुडघे वाकलेले, हात पुढे आलेले, पाऊल एकीचंही हलेना. कप्तानाकडे बघायचं नाही, बॉलकडे बघायचं. बॉल नव्हता. त्यामुळे डोळ्यांत पाणी आणून त्या सगळ्या प्रमुख पाहुण्यांच्या टकलाकडे बघत होत्या. पाहुण्यांनी आधी नमस्कार केला, मग रुमाल काढून टक्कल पुसलं.

तेवढ्यात स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या शाळेच्या संघातल्या चार मुलींनी हातातले गुच्छ टाकले आणि त्या धावत सुटल्या. यांच्या शिक्षिकेची शिक्षिका आत्याच्या संघात होती. नियम यांच्यापर्यंत शाबूत पोहोचला होता. अपवाद वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

"सोडा गं, उठते मी," आत्या म्हणाली.

"एकटीने उठायचं नाही, आजी," त्यातली सगळ्यात बुटकी म्हणाली. "आमच्यात चालत नाही."

"कुणी सांगितलं?"

"नियमच आहे तसा. फार जुना आहे. तुम्हाला माहीत नसेल."

आत्याने त्या पोरीकडे बघितलं. मग त्या चौघी कशा उभ्या आहेत ते बघितलं: दोघी काखेशी, एक पाठीशी, एक समोर. पूर्वी ती उभं करायची, अगदी तसंच. तिची मान हळूहळू ताठ झाली. वर्तमानपत्रातल्या जुन्या फोटोंत असायची, तशी. तिने हात पुढे केला.

"डावा पाय जपून," ती म्हणाली. "नवा आहे."

चौघींनी तिला शेवटची पायरी चढवली. पुढच्या रांगा मग कुणाच्या बापाला आवरल्या नाहीत. शाल, नारळ, भाषणं यांचा क्रम पार बदलला. सचिवांनी आभार आधी मानले आणि प्रास्ताविक नंतर केलं.

गाडीत बसल्यावर आत्याने तो ठराव मांडला, की ती पडलेली नाही.

"मग त्या मुलींनी काय उचललं?" मी विचारलं.

"मला उचललं. ते घडलंय. पडणं घडलेलं नाही. दोन्हींत गल्लत करू नकोस. आता कागद काढ आणि लिही."

काकांनी गाडीचा वेग कमी केला, कारण माझं अक्षर मुळातच वाईट. आत्या खिडकीबाहेर बघत एकेक शब्द सांगत गेली:

"प्रति, सचिव, राज्य बास्केटबॉल संघटना. माझ्या कप्तानपदाखाली जिंकलेल्या अंतिम सामन्याच्या संघात, सोबत नावे जोडलेल्या चार खेळाडूंचा मागील तारखेपासून समावेश करण्यात यावा व त्यांना पदके देण्यात यावीत. सामन्याच्या वेळी सदर खेळाडूंचा जन्म झालेला नव्हता, ही बाब किरकोळ समजावी. आणि तरीही त्यांना संघाबाहेर ठेवणाऱ्या तत्कालीन निवड समितीची सखोल चौकशी होऊन, केलेल्या कार्यवाहीचा अहवाल चौघींना घरपोच मिळावा."