तक्त्याची मागची बाजू

चष्मेवाल्याच्या दुकानात शनिवारपासून एकच विषय चालू होता. सोमवार दुपारपर्यंत त्याचा पार चोथा झाला, तरी कुणाचं तोंड थांबत नव्हतं. शेवटच्या मिनिटाला धाकट्यांनी थोरल्यांवर गोल मारला, लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला, गोल रद्द झाला आणि धाकटे वरच्या गटात जायचे राहिले. धाकटे म्हणजे यांचा क्लब, सतरा वर्षं वाट बघणारा. थोरले म्हणजे तो पैसेवाला, ज्यांच्या बसलाही पडदे असतात.

"थोरल्यांचा माणूस शिंकला तरी पेनल्टी," प्लंबर म्हणाला, "आणि आपल्याचा पाय मोडला तर रेफरी म्हणतो, ऊठ, नाटकं बंद कर."

"बळी तो कान पिळी," बसड्रायव्हरने री ओढली. "पण झेंडा रेफरीने नाही वर केला."

दोघांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. लाइन्समन त्याच्या सख्ख्या ताईचा नवरा होता.

"माझ्याकडे काय बघता? तक्रार मीच लिहिलीय ना?" चष्मेवाला कडाडला. "विकला गेला तो माणूस. नातं गेलं खड्ड्यात!"

तो तोंडदेखलं बोलत नव्हता. ताईचे चार फोन त्याने उचलले नव्हते, आणि 'याला कायमचं काढा' अशा अर्थाच्या त्या कागदावर त्याचीच सही पहिली होती.

तेवढ्यात दार ढकलून भाऊजीच आत आले. हातात फुटबॉल संघटनेचा फॉर्म. दर मोसमाला लाइन्समनला नजरेचं प्रमाणपत्र द्यावं लागे आणि आज शेवटचा दिवस होता. फॉर्म गेला नाही तर वीस वर्षांचा झेंडा हातातून जाणार. गोदामातली नोकरी सुटल्यापासून भाऊजींच्या आठवड्यात शनिवार हा एकच वार उरला होता.

"या, थोरल्यांचे जावई!" प्लंबर म्हणाला.

भाऊजींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "दुसरीकडे जाऊ शकलो असतो," ते मेहुण्याला म्हणाले. "पण मला तुझ्याच हातचं हवंय. माझी नजर ठणठणीत आहे, हे तूच लिहून दे. मी दिसलं तेच दाखवलं."

"देतो की! म्हणजे धडधडीत दिसत असूनही झेंडा उचललात, हेही पक्कं होईल. बसा."

भाऊजी नेहमीच्या बाकावर बसले, डावा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हणाले, "र, ग, प, न, स."

बसड्रायव्हर फिस्सकन हसला. वर्षानुवर्षं त्या बाकावर बसून ती ओळ सगळ्यांच्या तोंडात बसली होती. इतकी, की धाकट्यांनी गोल मारला की अख्खी टोळी 'र ग प न स!' असं बोंबलायची.

चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ही तर प्लंबरही झोपेत म्हणेल! उद्या लोक म्हणतील, मेहुण्याने सांभाळून घेतलं." त्याने तक्ता खिळ्यावरून काढला आणि पालटून टांगला. मागच्या बाजूला आकडे होते. ती बाजू वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून होती. "वाचा."

भाऊजींनी पहिल्या दोन ओळी वाचल्या. तिसरीला अडखळले. "आठ... नाही, तीन." मग हळूच, "त्याच्या खाली काही आहे?"

"नाटक करतोय!" प्लंबर ओरडला.

चष्मेवाल्याने चाचणीची फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, तीत एक काच घातली, मग दुसरी. भाऊजी वाचत सुटले, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग त्यांनी स्वतःच फ्रेम काढली, पुन्हा तक्त्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं," ते म्हणाले.

चष्मेवाल्याला आपली मागची सही आठवली. गेल्या मोसमात भाऊजींनी ती ओळ घोषणेच्या चालीवर म्हणून दाखवली होती आणि त्याने खो खो हसत सही ठोकली होती. तक्ता उलटायला मिनिट लागलं नसतं. घरच्या माणसाची कसली तपासणी, असं वाटलं होतं.

"मागचं प्रमाणपत्र कुणी दिलं होतं रे?" बसड्रायव्हरने शांतपणे विचारलं. उत्तर त्यालाही ठाऊक होतं. "आपला तो बाब्या, नाही का? आम्ही रेफरीच्या नावाने खडे फोडतोय, आणि आमचा गोल खाणारा इथेच बसलाय."

चष्मेवाल्याला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने भाऊजींचा फॉर्म कोराच बाजूला ठेवला. तक्रारीचा कागद ओढला, भाऊजींचं नाव खोडलं, तिथे आपलं लिहिलं आणि 'विकला गेला' खोडून 'न तपासता सही केली' असं घातलं.

"पुन्हा सह्या करा," तो म्हणाला.

प्लंबरने क्षणाचाही विचार केला नाही. बसड्रायव्हरने त्याच्या हातून पेन हिसकावून घेतलं.

मग कागद भाऊजींपुढे आला. ते तो परत सरकवतील, ताईसाठी तरी सरकवतील, असं चष्मेवाल्याला मनापासून वाटत होतं. भाऊजींनी कागद हातात घेतला, एकेक ओळ सावकाश वाचली आणि खाली ठसठशीत सही केली. जवळचं त्यांना अजून स्वच्छ दिसत होतं.