छापायची राहिलेली हाक

मी एक जुना कथासंग्रह आहे, मित्रांनो, खास तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी काढलेला. १९६३ साली पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे छपाईचं एकेक अक्षर, जुळवून माझी पानं तयार झाली. खिळ्यांचा दाब असा होता, की पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचंच काम पडणार आहे.

माझ्यातल्या बाकीच्या कथा नावाजलेल्या लेखकांच्या आहेत. शेवटची मैनाची. ती भिवपुरीजवळच्या एका गावात शिक्षिका होती आणि तिची ही पहिलीच छापलेली कथा. मी टपालाने आलो तेव्हा तिने आधी माझा वास घेतला, मग स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं, आणि मला घेऊन थेट आईकडे, सोनुबाईकडे गेली.

शेवट सोडला तर कथा खरी होती. त्या गावांत रिवाज आहे: तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. जे माणूस नव्हे ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची. मैनाची धाकटी बहीण हिरू पहिल्याच हाकेला ‘ओ’ म्हणाली आणि घागर घेऊन बाहेर पडली. घागर वीजकेंद्राच्या कालव्याच्या काठी सापडली. हिरू सापडली नाही.

मैनाने आईसाठी शेवट बदलला होता. तिच्या कथेत हिरू परत येते, दाराबाहेरून तीनदा हाक मारते आणि आई दार उघडते.

पण माझ्या शेवटच्या पानावर अखेरच्या दोन ओळी मावेनात, तिसऱ्या हाकेची आणि दार उघडण्याची. तेवढ्यासाठी नवं पान कोण लावणार? खिळे जुळवणाऱ्याने त्या ओळी काढून टाकल्या. तो पुण्याचा. त्याला दोन हाका काय नि तीन काय.

मैना वाचता वाचता थांबली.

“मंग?” सोनुबाई म्हणाली. “तिसरी?”

“छापली नाय गं आये. जागा नव्हती.”

“जागा नव्हती? माज्या पोरीला दारात उभी करून ठेवली, आन् जागा नव्हती?”

“मला पाठ हाय ना. सांगते पुढचं.”

“तुज्या तोंडचं नको. बुकात हाय का?”

मैनाने पेनाने त्या ओळी खाली लिहिल्या. सोनुबाईला अक्षरओळख नव्हती. तिने पान उलटून बोट फिरवलं. “हे उठलेलं नाय,” ती म्हणाली आणि मला दारालगतच्या कोनाड्यात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाहेरून हाक आली. “आये!” थोड्या वेळाने पुन्हा, “आये!” मग काही नाही.

“शेजारचं पोर असंल,” मैना म्हणाली. पण बघायला उठली नाही.

रोज असंच होऊ लागलं. मी कोनाड्यातून ऐकत असे. सोनुबाई कडीवर हात ठेवून तिसरीची वाट पाहत उभी राही. चूल विझून जाई. भात तसाच राही. पावसाळा सरेपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

शेवटी मैना मला घेऊन एस.टी.ने खालापूरला गेली. तिथे जलालचाचा पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर लग्नपत्रिका छापत. त्यांनी सगळं ऐकलं, हसले नाहीत. दोन ओळी जुळवल्या, चिठ्ठीवर छापल्या आणि फक्त वरच्या कडेला खळ लावून ती माझ्या शेवटच्या पानाखाली चिकटवली.

“लग्नाच्या टायपात आलंय, बेटी. जरा ठळक दिसंल.”

“दिसू दे, चाचा. तिला हाताला लागलं पायजे.”

सोनुबाईने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

त्या संध्याकाळी हाक आली. दुसरी आली. आणि मग, अगदी दाराशी, तिसरी.

सोनुबाईने कडी काढली. मला बाहेर कुणी दिसलं नाही. ती मात्र बाजूला सरकली, कुणाला तरी वाट द्यावी तशी. “किती उशीर गं,” म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्या रात्री ती जेवली. हाका थांबल्या.

सोनुबाई गेली, पुढे मैनाही गेली, आणि मी कर्जतच्या एका वाचनालयात आलो. आरंभी मुलं मला मागून नेत. आता कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही. झुरळांनी खळ खाल्ली. परवा कपाट झाडताना ती चिठ्ठी गळून कपाटाखाली गेली.

काल दिवेलागणीला ग्रंथपालबाई कडी लावत होत्या. बाहेरून हाक आली, “आये!” त्या थबकल्या. पुन्हा आली. बाई याच भागातल्या. त्यांनी ओ दिली नाही. तिसरीसाठी क्षणभर थांबल्या आणि आतला दिवा न मालवताच मागच्या दाराने निघून गेल्या.

मित्रांनो, पुस्तकांना जपा, एवढंच सगळी जुनी पुस्तकं सांगतात. माझं मागणं त्याहून लहान आहे. कपाटाखाली हात घाला, चिठ्ठी काढा, बोटभर खळ लावा. माझ्या बाकीच्या प्रती कुठे कुठे आहेत मला ठाऊक नाही, आणि त्या घरांत संध्याकाळी काय ऐकू येतं तेही ठाऊक नाही. पण इथे ती पोर दाराबाहेर उभी आहे, आणि दिवस कलायला लागला आहे.