संध्याचा भाव

अंजनगाव सुर्जीत संत्र्याचा भाव कळायचा तो संध्याच्या आवाजात. खुशालराव व्यापाऱ्याच्या शेडवर ती हिशेबनीस होती. रोज सकाळी ती दोन-चार बाजारांत फोन लावायची आणि गावच्या ग्रुपवर भाव बोलून टाकायची. आठशे माणसं तो ऐकूनच बगीच्याचा, म्हणजे झाडावरच्या फळांचा, सौदा करत.

संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला होता. एका शनिवारी खुशालरावांनी तिला मोबाइलवर मेसेज दाखवला. इथली संत्री जायची त्या बांगलादेशनं सीमा बंद केली, माल परत येतोय, असा. लोकांचं नुकसान नको, सांगून टाक, म्हणाले. तिनं मोर्शीच्या दोन व्यापाऱ्यांना फोन लावले. कोणी उचलले नाहीत. सीमा पूर्वीही बंद झालेली, म्हणून तिला खरं वाटलं. तिनं बोलून टाकलं. तासाभरात तीच बातमी दुसऱ्या तीन ग्रुपांवरून तिच्याकडे आली, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. ती आपलीच बातमी फिरून आलीय, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी शेजारची दुर्गाबाई आली. नवऱ्यामागं तिनं एकटीनं बगीचा जगवला होता.

"इकून टाकू का वं?"

"इका, मावशी. सोमवारी कोणी इचारणार नाई."

तीन दिवसांत गावचे बहुतेक बगीचे खुशालरावांकडे गेले, निम्म्या भावात. बुधवारी शेडवर गाड्या भरू लागल्या. संध्यानं ड्रायव्हरला विचारलं, माल कुठं चाललाय. बांगलादेशला, तो म्हणाला. सीमा तर उघडीच आहे, परवाच तिथून आलो.

ती तडक खुशालरावांकडे गेली. ते रागावलेही नाहीत.

"बातमी खोटी कुठं होती? तीन वर्साआधीची होती. तुनं तारीख काहून नाई पायली?"

त्याच दिवशी तिनं काम सोडलं आणि ग्रुपवर सगळं खरं सांगितलं. लोकांनी विचारलं, तुला किती मिळाले. रात्रीपर्यंत दोनशे जण ग्रुप सोडून गेले. दुर्गाबाई मात्र घरी आली, ओट्यावर बसली.

"मले मेसेज वाचता येत नाई, पोरी. मी तुया आवाज आयकला."

एवढंच बोलून ती उठली. ती भांडली असती तर संध्याला बरं वाटलं असतं.

आता संध्या अकोल्यात जठारपेठेतल्या कापडाच्या दुकानात बिलं करते. खुशालरावांनी नवा ग्रुप काढला. भाव सांगायला गोड आवाजाची मुलगी ठेवली. तो ग्रुप खुशालरावांचाच आहे, हे गावात सर्वांना ठाऊक आहे, तरी भाव तिथलाच ऐकतात. यंदा बहार आला तेव्हा संध्यानं दुर्गाबाईला फोन केला, त्या ग्रुपवर भरवसा ठेवू नका म्हणून.

दुर्गाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग कोणाले इचारू?"