वजनाचा आठवडा

छावणीत वजनाचा आठवडा लागला, की मेसच्या स्वयंपाकीण ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर्षभर जवानांना तेलकट, तुपकट, दिसेल ते खाऊ घालायचं, आणि काटा मैदानात आला, की ज्याचं वजन जास्त त्याची बढती बंद! मग काय, चांगले धट्टेकट्टे गडी वजन उतरवायला पाणीसुद्धा तोंडाला लावायचे नाहीत. वाढलेली ताटं तशीच परत यायची. आणि त्यांच्यावर ताव कोण मारायचं? कचेरीतले कारकून! त्यांना ना काटा, ना धावण्याची परीक्षा. "ताई, या आठवड्यात तुमच्या हाताला काय चव येते हो!" असं म्हणून मेले वर ढेकर द्यायचे.

यंदा उपाशी राहणाऱ्यांत तिचा धाकटा भाऊ होता. वजनाच्या आदल्या दुपारी तो तिला धुलाईच्या खोलीत सापडला, वाफेत, अंगावर घोंगड्या घेऊन घाम गाळत बसलेला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले.

"अरे, मरायचंय का तुला?"

"ताई, उद्या वजन बसलं की बढती मिळते. गप्प बस ना."

"आणि काट्यावरून उतरून लगेच धावायचंय, त्याचं काय? गेल्या वर्षी तुझा तो लंबू दोस्त धावता धावता पडला, तो उठलाच नाही. विसरलास?"

भावाने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

ताई तडक मेजरसाहेबांकडे गेली. "साहेब, धावणं दोन दिवस पुढे ढकला. पोरं खाऊनपिऊन धावतील."

"ताई, तुम्ही रश्श्याकडे बघा. शिस्तीचं आम्ही बघतो."

सकाळी तिने मेसला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारात स्टूल टाकून बसली. साहेबांना नाश्ता नाही, कारकुनांना चहा नाही. "होऊ दे शिस्त! आज सगळेच उपाशी राहा!"

"ताई, आम्ही काय घोडं मारलंय?" कारकून कळवळले.

"तुम्ही त्यांच्या तोंडचा घास खाल्लाय, तोही मिटक्या मारत!"

मेजरसाहेब लालबुंद होऊन आले. समोरच्या मैदानात काट्यापुढे रांग उभीच होती. त्यांनी मुद्दाम तिच्या भावालाच बोलावलं आणि हातात घण दिला. "बढती हवी ना? तोड कुलूप."

भावाला बहिणीकडे बघवेना. "ताई, बाजूला हो."

ती झाली. "मार. बघू दे साहेबांना, त्यांच्या जवानांत किती दम आहे ते."

घण खांद्यापर्यंत आला आणि त्याचे हात लटलटायला लागले. पुन्हा उचलला, तर हातातून निसटला, आणि तो तिथेच गुडघ्यांवर बसला. साहेबांनी आणखी दोघांना पुढे काढलं. एकाचा घाव दारावर बसला, दुसऱ्याला भोवळ आली. कुणी हसलं नाही. शेवटी साहेबांनी चिडून स्वतःच घण घेतला आणि एका घावात कुलूप पाडलं.

"पडणारच," ताई म्हणाली. "तुम्ही काल जेवला होता, साहेब."

साहेबांनी घण खाली टाकला. ताईने भावाला बखोटीला धरून आत नेलं, पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावला, पुढ्यात भात वाढला. बाहेरची रांगही एकेक करून आत आली.

"माझी बढती गेली, ताई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"गेली," ती म्हणाली. "जेव."