दोन भावांची टॅब

दोघे सख्खे भाऊ एकाच कंपनीत प्रोग्रामर होते आणि एकाच घरात जेवत होते. तक्रारी नोंदवायची संगणकावरची जुनी खिडकी थोरल्याने बनवलेली. तिच्यात धाकट्याने नोंदीच्या रकान्यांचा, नव्या तंत्राचा चकचकीत चौकोन बसवला. साहेब त्याला आधुनिकीकरण म्हणाले.

दिसायला झकास. फक्त पुढच्या रकान्यात जायला कीबोर्डवरची टॅब दाबत गेलं, की कर्सर चौकोनात शिरायचा आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. बाहेर काढायला माउस लागायचा.

हे आधी कळलं थोरल्याच्या बायकोला. ती तक्रार विभागात नोंदी करायची, हंगामी नोकरीवर. तिचं उजवं मनगट मोडून वाकडं बसलं होतं. माउस धरला की कळ थेट खांद्यात. कीबोर्डवर मात्र ती भल्याभल्यांना मागे टाकायची. सोमवारी परीक्षा होती. पास झाली तर कायम, नाहीतर नमस्कार.

जेवताना तिने विषय काढला.

"कुठलंही बटण आधी माझ्या खिडकीला कळतं," थोरला म्हणाला. "मी ते इमानदारीत आत पाठवतो. पुढे ह्याच्या चौकोनाने काय दिवे लावायचे ते लावावेत."

"दादा, शेवटच्या रकान्यानंतर बाहेर कुठे जायचं, हे चौकोनाला काय स्वप्नात कळणार? बाहेरचा कारभार तुझा."

"तुझा चौकोन सांगतो का, माझं झालं म्हणून?"

"तुझी खिडकी विचारते का?"

"सोमवारी मी काय करू ते सांगा," ती म्हणाली, "मग खुशाल भांडा."

दोघेही म्हणाले, "बघतो."

आणि खरंच बघितलं. टॅब दाबली की कर्सर पुढे ढकलायची सोय थोरल्याने खिडकीत केली, धाकट्याने चौकोनात. एकमेकांना सांगितलं नाही. सांगणं म्हणजे चूक कबूल करणं. आपापल्या मशीनवर दोघांचंही सुरेख चाललं.

सोमवारी दोन्ही सोयी एकत्र आल्या. तिने टॅब एकदा दाबली; एक ढकल खिडकीने दिली, एक चौकोनाने. तिची नजर सवयीने कागदावर. साहेबांनी पाहिलं, तेव्हा फोनच्या जागी पत्ता होता आणि तक्रारीच्या जागी फोन.

"वेग उत्तम आहे हो तुमचा," साहेब म्हणाले, "पण सगळं भलतीकडेच."

"टॅब एक रकाना गाळतेय, सर."

"मग माउस घ्या ना."

तिने घेतला. दुसऱ्याच नोंदीला खांद्यात कळ गेली आणि तिने तो खाली ठेवला.

संध्याकाळी घरात चर्चा झाली. एकाने आपली दुरुस्ती काढायला हवी, यावर एकमत होतं.

"तू काढ."

"मी का? माझी बरोबर आहे."

"राहू द्या," ती म्हणाली. "उद्यापासून मला जायचं नाहीये."

तिच्या जागी माउसवाली एक मुलगी आली. टॅबबद्दलची तिची तक्रार साहेबांनी बंद केली. शेरा मारला, 'तक्रारदार सेवेत नाही.' वर्षअखेरीच्या आढाव्यात, सोडवलेल्या अडचणींमध्ये ती तक्रार दोघा भावांनी आपापल्या नावावर दाखवली.