खांदा लावणाऱ्याला कुणी विचारलं नाही

मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर नाक धराल, ते आधीच सांगून ठेवते. पन्नास वर्षं माणसांचा घाम प्यायलेलं चामडं आहे मी. लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका बॉक्सिंग क्लबात साखळीला लटकणारी ही जुनी पंचिंग बॅग दिवसभर ठोसे खाते आणि माणसं ओळखते. वासाची मला लाज नाही. मला किळस आली ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तीच आज सांगायची आहे.

एका खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्याने १९५८ साली मला शिवलं. पोटात जुने कोट, घोंगड्या आणि कुणाच्या तरी घरचे पडदे ठासून भरले. त्याच वर्षी क्लब सुरू झाला आणि मी छताला टांगली गेले. तेव्हा माझं कौतुक काय सांगू! दर शनिवारी मला तेल लावत, कापडाने पुसत. येणारा पाहुणा आधी मला थोपटायचा, मग माणसांशी बोलायचा.

मला ठोसा मारताना मागून कुणीतरी धरावं लागतं, नाहीतर मी झुलते आणि मारणाऱ्याचा ताल जातो. धरणारा मला खांदा लावून, पाय रोवून उभा राहतो. माझ्या पोटातून आरपार गेलेला ठोसा त्याच्या खांद्यात उतरतो. १९६४ पासून हे काम हरिदासने केलं. तो नागपूरहून आलेला, दिवसा विमानतळावर माल चढवायचा. स्वतः बॉक्सिंग शिकायला आला होता, पण वजन छप्पन्न किलो. तेवढ्या वजनाचा जोडीदार क्लबात नव्हता. मग कोचने त्याच्या हातात चहाचा ट्रे दिला आणि खांद्याला मी आले. हेवीवेटचा ठोसा झेलायला छप्पन्न किलोचा माणूस! माणसांचा हिशेब असा असतो, मित्रांनो.

त्या काळी क्लबात दोन हेवीवेट गाजले. फ्रँक डोलन मारायचा तेव्हा रस्त्यापर्यंत आवाज जायचा. फटाक! बघणारे डोळे मिटायचे. मला मात्र गालावर चापट बसल्यासारखं वाटायचं. टेड मार्लोचा ठोसा वाजायचाच नाही. कंबरेपासून निघायचा, वीतभर अंतर कापायचा आणि माझ्या पोटातले कोट मागच्या बाजूला जाऊन बसायचे. हरिदास दोन पावलं मागे सरकायचा. एकदा त्याची बरगडी मोडली. तरी दुसऱ्या महिन्यात तो पुन्हा मला खांदा लावून उभा होता.

मग वर्षं गेली. तेल बंद झालं. माझी शिवण उसवली तिथे कुणीतरी चिकटपट्टी लावली, आणि कुणा सुसंस्कृत माणसाने चघळलेला च्युइंगगम. नवी तरुण मंडळी मला ‘ती घाणेरडी’ म्हणू लागली.

२००८ साली क्लबला पन्नास वर्षं झाली. भिंतीवर सोनेरी अक्षरांचा लाकडी फलक लावायचं ठरलं: क्लबचा सर्वांत जबर ठोसेबाज. नाव एकच. टेड मार्लो तेव्हा जवळच फेल्थम गावातल्या एका वृद्धाश्रमात होता, तब्येत खालावत चाललेली. हरिदास त्याला दर रविवारी भेटायला जायचा. टेडच्या डोळ्यांदेखत फलकावर टेडचं नाव लागावं, एवढंच हरिदासला हवं होतं. चाळीस वर्षांत त्याने क्लबाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

पण निवाडा दिला कुणाकडे? यशोधनकडे. हा पुण्याचा, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा. जुन्या हेवीवेट बॉक्सरांच्या ठोशाची ताकद मोजायचा त्याला छंद. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांनाही तो इंटरनेटवर गुण द्यायचा, तेही दशांश चिन्हासकट. चौऱ्याण्णव पॉइंट तीन! त्याने स्वतः जन्मात कुणाला चापट मारलेली नव्हती. वाईट नव्हता तो. लॅपटॉप उघडला की सगळं जग त्यात मावतं, एवढाच त्याचा आजार.

त्याचा तक्ता साधा होता. डोलनच्या तीस लढतींत चोवीस नॉकआउट. मार्लोच्या अठ्ठावीसमध्ये नऊ. शिवाय १९६७ साली क्लबात घेतलेली डोलनची छोटी फिल्म होती, नुकतीच डीव्हीडीवर उतरवलेली. तिच्यात डोलनचे हात विजेसारखे चालत होते.

हरिदासने ती फिल्म माझ्या शेजारी उभं राहून पाहिली. मग विचारलं, “तो मागं ट्रे घेऊन टुणूटुणू पळतो, तो कोण दिसते?”

“तुम्हीच ना, काका?”

“हो बाप्पा, मीच. ट्रेमध्ये बारा कप आहेत. बारा कप घेऊन मी कधी पळालो नाही. मी पळतो आहे, तर डोलनचे हातही पळणारच.”

जुनी फिल्म उतरवताना तिचा वेग वाढला होता. यशोधन ओशाळला, त्याने वेगाचे गुण कमीही केले. पण टक्केवारी टक्केवारीच आहे, म्हणाला. तेव्हा हरिदासने त्याला डोलनच्या चोवीस जणांची कुळकथा ऐकवली. डोलनचा मामाच त्याचे प्रतिस्पर्धी निवडायचा. त्यातला एक बेकरीवाला होता, आणि आणखी एक जण दोन वेगळ्या नावांनी दोनदा पडला होता. उलट टेडचा ठोसा त्याच्याच हाडांना पेलत नसे. उजवा हात चारदा मोडला, म्हणून लढतीत तो हात जपून वापरायचा. पट्ट्या जाड गुंडाळून पूर्ण ताकदीने मारायचा तो फक्त मला.

“काका, तुमचा अनुभव मोठा आहे,” यशोधन म्हणाला, “पण याला प्रूफ काय?”

समारंभाच्या आदल्या शनिवारी हरिदासने यशोधनला बोलावलं, कमिटीलाही बसवलं, आणि क्लबातल्या आताच्या हेवीवेटला, शशीला, हातमोजे घालायला सांगितले. शशी बस चालवतो, वजन एकशे दोन किलो. मग हरिदास यशोधनला म्हणाला, “आज तू धर. डोळे मीट. दोन ठोसे येतील. जोरदार कोणता, ते सांग.”

त्याने शशीच्या कानात काही सांगितलं. पहिला ठोसा शशीने हात लांबून फिरवून मारला. फटाक! कमिटी खुर्चीत दचकली. दुसरा कंबरेतून आला, वीतभर. आवाज फुसका. यशोधन माझ्यामागे थेट जमिनीवर बसला, त्याचा चष्मा भिंतीपाशी गेला.

कमिटीने एकमुखाने सांगितलं, पहिला जबर.

“दुसरा,” यशोधन खालूनच म्हणाला. तो खांदा धरून बसला होता. “दुसरा, काका. पहिला काहीच नव्हता.”

“अशा ठोशांखाली मी आठ वर्षं उभा होतो,” हरिदास म्हणाला. “आता तुझ्या तक्त्यात कुठं भरशील ते पाहा.”

मला वाटलं, जिंकलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणी योग्य बाजूला उभं राहून निवाडा केला होता. पण चेअरमननी घसा खाकरला. फलक रंगवून आला आहे, म्हणाले. सोन्याची अक्षरं आहेत. डोलनच्या घरची बारा माणसं येणार आहेत, सँडविचेसची ऑर्डर गेली आहे. आणि तक्ता तर यशोधननेच दिला होता, नाही का?

सगळ्यांनी यशोधनकडे पाहिलं. त्याने फक्त म्हणायचं होतं, माझा तक्ता चुकला. चार शब्दसुद्धा नाहीत. त्याने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

समारंभाला हरिदास आणि त्याची मुलगी दीक्षा टेडला व्हीलचेअरवर घेऊन आले. पडदा सरकला, डोलनचं नाव झळकलं. टेडने टाळ्या वाजवल्या. त्याची बोटं इतकी वाकडी झाली होती की टाळीचा आवाज होईना. मग त्याने यशोधनला जवळ बोलावून विचारलं, आकडे तूच मांडलेस ना? बरोबर आहेत ना ते?

यशोधन म्हणाला, “हो.”

“बाबा, हा खोटं बोलतो आहे,” दीक्षा म्हणाली. तिचं मराठी अडखळतं, पण हे वाक्य अडखळलं नाही. हरिदासने तिचा हात दाबला आणि खुर्ची दाराकडे वळवली. यशोधन सँडविच खात राहिला. माझ्या अंगाला पन्नास वर्षांचा घाम लागला आहे, पण त्या सँडविचइतकी शिसारी मला कशाची आली नाही.

मित्रांनो, मला तेल लावू नका, माझी शिवण राहू द्या तशीच. एवढंच करा: कुणाची ताकद मोजायची असेल, तर आधी मागे जाऊन खांदा लावा. आणि एकदा खांद्याला खरं कळलं, की चष्मा पुसत बसू नका. फलक काय, पुन्हा रंगवता येतो. टेड मार्लो त्यानंतर तीन आठवड्यांनी गेला.