खंडितला पुढची ओळ नसते

अरे ऐका ना, मधे बोलू नका, नाहीतर सांगायचं राहूनच जाईल. फोन लागला नाही की जी बाई बोलते ना, ती बाई मी. घरी मला लहानपणापासून पोपट म्हणतात, आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आमच्या पोपटाला पाठ केलेलं बोलायचा पगार मिळतो.

तर दादा. आठ महिने झाले त्याला जाऊन. जेवताना कशावरून तरी जुंपली आणि बाबा बोलून गेले, तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही. दादा अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतला आणि गेला. बस. तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की बाबा त्याला फोन लावतात, स्पीकरवर, आणि स्पीकरवर कोण, तर मी. 'आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' बाबा माझ्याकडे बघून म्हणतात, बरं बाई. मग आम्ही हसतो. आठ महिने हसतोय.

परवा मी कांदा चिरत होते आणि पाठीमागून माझाच आवाज आला, 'आपण डायल केलेला क्रमांक खंडित करण्यात आला आहे.' पुढे नुसती टूं टूं.

माझा हात थांबलाच. कारण ते रेकॉर्ड करताना ऑफिसातल्या ताईंनी समजावलं होतं, बंद म्हणजे माणसानं स्वतः बंद ठेवलाय, कधीही चालू करेल, म्हणून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. खंडित म्हणजे नंबरच तोडलाय. तो माणूस स्वतः येऊन जोडून मागत नाही तोवर इकडून कितीही फोन करा, उपयोग शून्य. म्हणून पुढची ओळ नाही. मी मूर्ख, तेव्हा म्हटलं होतं, चला, बोलायची एक ओळ वाचली.

आणि बाबांचा जन्म गेला छापखान्यात प्रुफं तपासण्यात. कुणाची लग्नपत्रिका आली तरी आधी चुका काढतात, मग तारीख बघतात. त्यांनी परत फोन लावला. चष्मा लावून ऐकला. ऐकायला चष्मा.

"पोपट, तुझी एक ओळ गळलीये."

"नाही हो बाबा."

"रोज म्हणतेस, पुन्हा प्रयत्न करा. आज नाही म्हणालीस."

"ते वेगळं असतं."

"वेगळं म्हणजे कसं?"

आई दारात कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला कळलं होतं. तिनं माझ्याकडे बघून फक्त मान हलवली, नको सांगू.

मी म्हटलं, "आता छोटं केलंय त्यांनी."

"छोटं करताना नेमकं कामाचंच कापलं. उद्या जाऊन सांग, ओळ घाला म्हणावं. आवाज तुझा आहे, तुझं ऐकतील."

अख्खं जग माझं ऐकतं, ऑफिसात कुत्रं विचारत नाही. तरी गेले. खरंच गेले आणि विचारलं. ताई म्हणाल्या, "अगं, मग लोक प्रयत्नच करत बसतील."

काल संध्याकाळी चहा झाला. बाबांनी फोन लावला. माझा आवाज संपला, टूं टूं सुरू झालं, तरी फोन हातात धरून माझ्याकडे बघत बसले. मी काय करू, सांगा ना. ओट्याशी उभ्या उभ्या, त्याच त्या आवाजात म्हटलं, "कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

"हां," बाबा म्हणाले, "आता बरोबर."

आणि परत नंबर लावायला लागले.